घमेल्याखालचा रस्ता

१० मार्च

आज उपअधीक्षक घुगे साहेबांनी बोलावून काम दिलं. गस्तीवरच्या पोलिसांना काय शिकवलं जातं आणि अपघाताचा तपास करणाऱ्यांना काय, याचा तुलनात्मक अहवाल हवा आहे. "गुप्ते, तुम्ही इंजिनिअर. त्यात पुण्याचा कोर्स झालेला. तक्ता छान कराल," म्हणाले.

तक्ता छानच होईल. त्याचं पुढे काय करणार हे त्यांनी सांगितलं नाही आणि मी विचारलं नाही.

ही वही कोणी वाचणार नाही, तरी नोंद पूर्ण असावी. मेकॅनिकलची पदवी, मग फौजदाराची परीक्षा, मग अपघात तपासणीचं विशेष प्रशिक्षण. नेमणूक खालापूर तालुक्यात, राहणं कर्जतला आईकडे. पुण्यात नवीन तपास पथक होतंय, तिथे जायचं आहे. साहेबांची शिफारस लागेल. म्हणून तक्ता.

१७ मार्च

तक्ता पूर्ण. गस्तीवाल्यांच्या वेळापत्रकात कवायत, गाडी, वायरलेस, प्रथमोपचार, गर्दी आवरणं आणि रस्ता मोकळा करणं. घटनास्थळाला दोन तासिका, त्याही बाकावर बसून. आमच्या प्रशिक्षणात मोजमाप, छायाचित्रं, काच, रंग, टायरच्या खुणा, नकाशा, कोर्टातली साक्ष. गर्दीचा उल्लेख नाही. आम्ही पोचतो तेव्हा ती पांगलेली असते, असं गृहीत धरलेलं आहे.

निष्कर्ष असा निघतो की अपघाताच्या जागी जो पहिला पोचतो तो या विषयात सर्वांत कमी शिकलेला असतो. सर्वांत जास्त शिकलेली मी सर्वांत शेवटी पोचते. शिवाय दोन्ही शिकवण्या एकमेकींच्या उलट आहेत. त्यांना शिकवतात, रस्ता लवकर साफ करा. मला शिकवतात, कशाला हात लावू नका.

घरी आईला सांगितलं. ती निवृत्त गणित शिक्षिका आहे. म्हणाली, "म्हणजे तू पेपर तपासायला जातेस तेव्हा फळा पुसलेला असतो." उपमा बरोबर आहे.

१९ मार्च

दिवसभर गस्तीच्या गाडीत बसले. चालक हवालदार रोहिदास ठोंबरे, पन्नाशी ओलांडलेले, इथल्याच डोंगराकडच्या गावचे. सोबत शिपाई छाया भोईर, नोकरीला दोन वर्षं. ती सतत बोलते. मागच्या सीटखाली एक खराटा, पाण्याचा कॅन आणि अर्धं पोतं माती.

चौक गावाच्या अलीकडे एक दुचाकी घसरली होती. मुलाचं डोकं फुटलेलं, रुग्णवाहिका त्याला घेऊन गेली. मी टेप काढेपर्यंत ठोंबऱ्यांनी काच गटाराकडे लोटली, रक्तावर पाणी ओतलं, वर माती टाकली. सगळं इतक्या सफाईने की पाहत राहावं.

"हवालदार, हे कशाला केलंत?"

"मग काय मॅडम, मानसाचं रगत टायरखाली जाऊ द्यायचं?"

"त्यात खुणा असतात. त्या गेल्या."

"खुना गेल्या, खरं हाय. पन तो पोरगा कोनाचा तरी हाय ना. त्याची आई या रस्त्यानं येनार आता."

हा प्रघात इकडे सगळ्या गाड्यांवर आहे, छायाने सांगितलं. लेखी कुठेच नाही.  तक्त्यात त्याला रकाना नव्हता.

परतताना छायाने विचारलं, "मॅडम, तुमच्या त्या पुण्याच्या कोर्सला शिपाई जातो का?"

"नाही. फौजदार आणि वरचे."

"बरं," म्हणाली, आणि पहिल्यांदाच काही वेळ गप्प बसली. बरं वाटलं.

२५ मार्च

अहवाल दिला. घुगे साहेबांनी तक्ता वाचला, चष्मा काढला. "मग तुम्हीच शिकवा. आठ जण देतो, खालापुरातले पाच, कर्जतचे तीन. आठवड्यातून दोनदा. पण एक ध्यानात ठेवा. रस्ता किती वेळात मोकळा झाला, हा आकडा मला दर महिन्याला वर कळवावा लागतो. तो वाढला तर वर्ग बंद."

मी हे मागितलं नव्हतं. पण वर्ग बंद पडला तर मात्र माझ्या नावावर पडेल.

३० मार्च

गुढीपाडवा. आईसोबत डोंगराखालच्या वाडीत तिच्या जुन्या विद्यार्थिनीकडे गेले. अंगणात कोंबडी पिल्लांसकट बांबूच्या डालग्याखाली झाकलेली. वर घार फिरत होती. बराच वेळ त्या डालग्याकडे बघत बसले. आईला वाटलं मला कंटाळा आला.

डालग्याला भोकं असतात. घमेल्याला नसतात.

२ एप्रिल

कर्जतच्या बाजारातून लोखंडी घमेली घेतली. दुकानदार म्हणाला, "मॅडम, बांधकाम काढलंय वाटतं." हो म्हटलं. घरी पांढऱ्या रंगाने प्रत्येकावर क्रमांक घातला.

ठाण्यामागच्या पत्र्याच्या शेडमध्ये पहिला वर्ग. शिकवण्याचा क्रम एवढाच: आधी जखमी, मग गर्दी. मग रक्त, काच, जे काही असेल त्यावर घमेलं पालथं. गाडीच्या चाकांना खडूची खूण, फोटो, आणि मग गाडी बाजूला. खराटा सर्वांत शेवटी, आणि झाडलेलं सगळं पोत्यात, गटारात नाही.

ठोंबरे सर्वांत मागे हात बांधून बसले होते. घमेलं पालथं घालून दाखवलं तेव्हा म्हणाले, "म्हंजे रगत झाकलं जातं."

"हो. आणि पुसलंही जात नाही."

त्यांनी उठून घमेलं उचललं, खाली बघितलं, परत ठेवलं. "हे चालंल," म्हणाले. हरकत मागे घेतल्यासारखं दिसलं.

प्रत्येकाला खडू दिला. खिशात कायम ठेवायचा, नसेल तर वर्गात बसायचं नाही.

९ एप्रिल

मला "खडू मॅडम" म्हणतात, असं कळलं. वायरलेसवरसुद्धा म्हणाले. शिस्त लावणाऱ्याला नावं ठेवली जातातच, त्यात विशेष काही नाही. ठोंबरे वर्गाला अर्धा तास आधी येतात. शेडमध्ये पंखा आहे, त्यामुळे असावं.

आईने आज डब्यात नऊ चपात्या दिल्या. मी तीन खाते हे तिला माहीत आहे. अंदाज चुकला असावा. उरलेल्या छायाने संपवल्या.

१६ एप्रिल

सराव. शेडबाहेर खोटा अपघात मांडला. ठोंबऱ्यांना जखमीच्या नातेवाइकाची भूमिका दिली. त्यांनी इतका आक्रोश केला की शेजारच्या चहावाल्याने पाण्याचा तांब्या आणला. कर्जतची शिपाई सोनाली हसता हसता खडूची रेष वाकडी काढून बसली. मी तिला ती पुसून परत काढायला लावली.

छायाला विचारलं, "एवढी घमेली असताना दोनच का वापरलीस?"

"बाकीची कशासाठी ठेवायची ते कळेना मॅडम."

"जे वाळेल, उडेल, विरघळेल त्यासाठी. रक्त तुम्हाला दिसतंच. न दिसणाऱ्यासाठी घमेलं जास्त लागतं."

तिने हे वाक्य लिहून घेतलं. खरं तर मला ते तितकंसं अचूक वाटलं नव्हतं.

एप्रिलचा आतापर्यंतचा रस्ता मोकळा करण्याचा आकडा किंचित वाढला आहे. वर्ग अजून चालू आहे.

८ मे

सविस्तर लिहिते.

दुपारी, ऊन डोक्यावर असताना, चौकजवळ आंब्याच्या झाडाखाली करवंदं विकणारी बायजा रस्ता ओलांडत होती. एका गाडीने तिला उडवलं आणि गाडी निघून गेली. मागून बर्फाचा टेंपो येत होता. तो थांबला. चालक हर्षद खाली उतरला, त्याने बायजाला उचलून सावलीत ठेवलं. एवढ्यात समोरच्या ढाब्यावरची माणसं धावत आली. त्यांना काय दिसलं? रस्त्यावर करवंदांची पाटी उलटलेली, बाई जखमी, समोर टेंपो, आणि टेंपोचा एक दिवा फुटलेला; तो जुनाच फुटका होता. हर्षदची कॉलर धरली गेली. इकडे हे नेहमीचं आहे. जो थांबतो तो सापडतो.

गस्तीची गाडी पोचली तेव्हा तिघे शपथेवर सांगत होते की टेंपोनेच उडवलं आणि मग त्याने टेंपो मागे घेतला. डोळ्यांनी बघितलं, म्हणाले. छाया आणि ठोंबऱ्यांनी बायजाला रुग्णवाहिकेत घातलं, हर्षदला आपल्या गाडीत बसवलं. आणि मग छायाने रस्त्याची एक बाजू बंद केली.

मी पोचले तेव्हा पाऊण तास झाला होता. वाहनांची रांग पार चौकमधल्या गॅरेजांच्याही मागे गेली होती. हॉर्न सतत चालू. रस्ता कोरडा ठणठणीत, आणि त्यावर खडूच्या दोन समांतर रेषा, वीतभर अंतराच्या, लांबवर गेलेल्या. मध्ये काहीच नाही. रेषा संपत होत्या तिथे घमेलं क्रमांक तीन.

"हे काय आहे?"

"पाणी होतं मॅडम. टेंपोच्या मागच्या फळीतून बर्फाचं पाणी गळत होतं, त्याची धार पडत आलेली. डोळ्यांदेखत सुकायला लागली. म्हणून दोन्ही कडांनी खडू ओढला."

"आणि घमेल्याखाली?"

"इथं डबकं होतं. इथं तो थांबला."

"पुढे?"

"पुढं काय नव्हतं. बसून हात लावून बघितलं मी. कोरडं."

मी घमेलं उचललं. खाली डांबर अजून ओलं होतं आणि ओलाव्यात बर्फावर टाकतात तो लाकडाचा भुसा चिकटलेला होता. अर्ध्या मिनिटात माझ्यासमोर कडा सुकू लागल्या. फोटो काढले. पुढच्या घमेल्याखाली प्लास्टिकचे पारदर्शक तुकडे, दिव्याच्या आवरणाचे. त्याच्या पुढच्याखाली काळपट लाल डाग. वाकून पाहिलं. चिरडलेली करवंदं.

"ते रगत वाटलं मला," ठोंबरे मागून म्हणाले. "र्‍हाऊ द्या. तेबी तिचंच हाय."

टेंपोची लांबी मोजली. डबक्यापासून पुढे धरली तर टेंपोचं तोंड तुकड्यांच्या बरंच अलीकडे थांबतं. तो पुढे जाऊन, उडवून मागे आला असता तर पाण्याची धार पुढे जाऊन परत आली असती. ती गेली नव्हती.

हे मी मोजत असताना गर्दी पुन्हा गाडीकडे सरकली. "बाई, मोजत काय बसलाय? त्याला बाहेर काढा." मी कायद्याचं कलम सांगितलं. काहीही परिणाम झाला नाही. एकाने माझ्या हातातला टेप ओढला. माझ्या प्रशिक्षणात याच्यापुढे काय करायचं ते नाही.

छाया मध्ये आली. सर्वांत मोठ्याने ओरडणाऱ्या ढाबेवाल्याला म्हणाली, "काका, तुमचं नाव काय?"

"सखा."

"सखाकाका, तुमी डोळ्यांनी बघितलंय ना? मग तुमी साक्षीदार. हे टेपचं टोक धरा, त्या खडूवर. मॅडम मोजतील. टोक हललं तर साक्ष हलली, बघा हां."

तो टोक धरून उकिडवा बसला. त्यानंतर जवळ आलेल्या प्रत्येकावर तोच ओरडत होता, "ए, सरक रं. टोक हलंल."

नोंद: तपास प्रशिक्षणात गर्दीचा भाग नसणं ही गंभीर त्रुटी आहे. अहवालाला पुरवणी जोडावी.

९ मे

रांगेत कुठल्यातरी मोठ्या पाहुण्यांच्या गाड्या अडकल्या होत्या. वरून फोन आला. घुगे साहेबांनी छायाला कारणे दाखवा नोटीस काढली, वर्ग तूर्त थांबवला. उत्तर पटलं नाही तर वेतनवाढ रोखणार आणि बदली मुख्यालयात, पहाऱ्यावर.

साहेबांनी तिला विचारलं, "रस्ता कुणाच्या सांगण्यावरून अडवला?"

"माझ्या निर्णयानं, साहेब."

हे अचूक नाही. निर्णय तिने घेतला, पद्धत माझी होती. मी आत जाऊन तसं सांगितलं आणि नोटिशीत माझंही नाव घालायला सांगितलं.

"गुप्ते, तुमची पुण्याची शिफारस याच टेबलावर आहे. विचार करून बोला."

"विचार करूनच बोलले, साहेब."

बाहेर आले तर छाया पायरीवर बसलेली. "कशाला बोललात मॅडम?"

"नोंद चुकीची राहिली असती."

ती हसली. का ते कळलं नाही.

तिने काढलेल्या फोटोंत उन्हामुळे धार दिसत नाही, नुसतं काळं डांबर दिसतं. सखासकट तिघे साक्षीदार टेंपो मागे घेतला यावर ठाम आहेत. तुकडे आधीपासून पडलेले असतील, असंही म्हणता येईल. त्या रस्त्यावर तुकडे नेहमीच असतात. माझ्या बाजूने आहेत खडूच्या दोन रेषा आणि ओल्या भुशाचा एक फोटो.

१० मे

बायजाला रुग्णालयात भेटले. मांडीचं हाड मोडलं आहे, बाकी ठीक. छाया आधीच तिथे होती, बायजाची वेणी घालत.

"कोणत्या गाडीने उडवलं, दिसलं का?"

"मागनं आली ना गं. आपटले ती आपटले. उचललं तवा डोलं उघडलं, तं त्यो पोरगा. मना म्हनतो, मावशी, झोपू नको, करवंदं कशी दिली सांग." ती हसली आणि दुखलं म्हणून थांबली. "आन् त्यालाच मारलान मेल्यांनी. माजी पाटी कुटं हाय?"

"फुटली," छाया म्हणाली. "मी देते तुला दुसरी."

"बांबूची नको गं. फुटनारी नको."

साक्ष म्हणून उपयोग नाही. तिने उडवताना पाहिलेलं नाही.

येताना छायाने पट्टीची गुंडाळी विकत घेतली. कशाला विचारलं नाही.

१२ मे

आज प्रयोग केला.

ठाण्यामागच्या मोकळ्या जागेत जप्त केलेला टेंपो होताच. बर्फ मागवला, तसाच भुशात आणि गोणपाटात. हर्षदला चालवायला बसवलं. एक वीट जिथे छायाचं डबकं, दुसरी वीट जिथे तुकडे. घुगे साहेबांना बोलावलं. सखालाही बोलावलं, तो शर्ट इस्त्री करून आला.

आधी हर्षद सरळ येऊन अलीकडे थांबला. मागे एक धार, शेवटी डबकं, पुढे कोरडं. मग त्याच टेंपोने पुढच्या विटेपर्यंत जाऊन मागे यायचं. तो आला. धार डबक्याच्या पुढे गेलेली, परत फिरताना दुसरी धार पहिलीशी न जुळता शेजारून आलेली, आणि टेंपोच्या पोटाखाली सगळी ओल.

 साहेबांनी बुटाचं टोक दुसऱ्या धारेत बुडवून बघितलं. "पुन्हा," म्हणाले. "या वेळी मी चालवतो."

साहेब बर्फाच्या टेंपोत चढले. गाडी दोनदा बंद पडली. ठोंबरे शेडच्या छताकडे बघत उभे राहिले. तिसऱ्यांदा साहेब पुढे जाऊन मागे आले, उतरले, वाकून पाहिलं. दोन धारा.

मग सखाकडे वळले. "तू टेपचं टोक धरलं होतंस. त्याच्या पुढे खडू होता?"

सखाने विटेकडे पाहिलं. "नाय साहेब. टोकाशीच संपला खडू."

"मग टेंपो मागे घेताना बघितलास तो कुठला?"

"बाकीचे म्हनाले," सखा म्हणाला. "मंग मलाबी दिसल्यासारखं झालं." तो हर्षदकडे गेला, त्याच्या फाटलेल्या कॉलरला हात लावला. "चल, जेवाय चल माझ्याकडं." हर्षद म्हणाला, "आधी बर्फाचं बोला काका. दोन लाद्या वितळल्या तुमच्यापायी." सखा हसला आणि हर्षदही.

साहेबांनी छायाला विचारलं, "पुढे कोरडं होतं, हे नक्की?"

"हात लावून बघितलं साहेब."

"भर दुपारी? डांबराला?"

तिने हात पुढे केला. चारही बोटांच्या टोकांना पट्टी होती. साहेबांनी सोडायला लावली. फोड होते, काही फुटलेले.

मी चार दिवस तिच्यासोबत आहे. पट्टी पाहिली होती. खडूने कातडी फाटली असेल, असं गृहीत धरलं होतं.

१७ मे

प्लास्टिकच्या तुकड्याचा फोटो मी आठही जणांना पाठवला होता. वर्ग थांबलेला, पण गस्त थांबलेली नाही. तपास करणारी मी एकटी, एका वेळी एका ठिकाणी असते. ते आठ जण दोन तालुक्यांतल्या प्रत्येक रस्त्यावर रोज असतात. हे तक्त्यात मी लिहिलं नव्हतं.

सोनालीला आज कर्जतकडच्या एका फार्महाऊसवर ताडपत्रीखाली गाडी दिसली. एका बाजूची ताडपत्री दोरीने जास्तच आवळलेली. तिने हात लावला नाही, खडूने चाकांना खुणा केल्या आणि फोन केला. "मॅडम, मी शेवटपर्यंत काही झाडलेलं नाही," म्हणाली.

मी, छाया आणि ठोंबरे गेलो. दिव्याचं आवरण फुटलेलं. पिशवीतला सर्वांत मोठा तुकडा मी चिमट्याने धरून फटीशी नेला. बसला. फुटलेली बांगडी जुळावी तसा, कडेला कडा. छायाने श्वास सोडला तो मला ऐकू आला. बंपरच्या फटीत एक करवंदाचं वाळकं देठ होतं.

"धरलं गं," ठोंबरे म्हणाले, कोणाला ते कळलं नाही. मग बाजूला जाऊन त्यांनी नाक शिंकरलं.

गाडीवाल्याने संध्याकाळी कबूल केलं.

मी गाडी चालवत घरी येताना गाणं म्हणत होते, असं आईचं म्हणणं आहे. फाटकापाशी ऐकू आलं म्हणे. शक्यता कमी आहे.

२६ मे

आदेश आला. नोटीस रद्द, छायाच्या सेवापुस्तकात उत्तम कामगिरीची नोंद. हर्षदवरचा गुन्हा मागे. वर्ग आता जिल्ह्यातल्या सर्व गस्ती कर्मचाऱ्यांसाठी. रस्ता मोकळा करण्याच्या आकड्याशेजारी नवीन रकाना येणार, खुणा जपल्या की नाही याचा.

माझी पुरवणीही मान्य झाली. तपास करणाऱ्यांनाही आता गर्दी आवरण्याचं प्रशिक्षण. शिकवणार रोहिदास ठोंबरे. हे ऐकून ते म्हणाले, "मी काय शिकवनार मॅडम? मी तं निस्तं रडलो होतो."

"तेवढं शिकवा."

आणि पुण्याच्या कोर्सला एक जागा अपवाद म्हणून शिपायासाठी, साहेबांच्या शिफारशीने. मी छायाला सांगितलं. ती काही बोलली नाही. दोन महिन्यांत बोलायची थांबलेली मी तिला दुसऱ्यांदा पाहिली. या वेळी मला ती शांतता चालली नाही, म्हणून मीच बोलत राहिले. आवरणांचे प्रकार, टायरची नक्षी, वसतिगृहात खोली कुठली मागायची ते.

सगळ्यांनी पेढे वाटले. घुगे साहेबांनी मला विचारलं, "पुण्याच्या पथकाचा अर्ज भरलात ना? शिफारस सही करून ठेवलीय."

भरते म्हटलं.

३ जुलै

जिल्ह्याचा अभ्यासक्रम लिहून झाला. छाया पुण्याहून रोज संध्याकाळी फोन करते आणि तिथल्या शिक्षकांच्या चुका सांगते. त्यातल्या निम्म्या खऱ्या आहेत.

पथकाच्या अर्जाची मुदत तीस जूनला संपली. लक्षात आलं तेव्हा उशीर झाला होता. कारण: कामाचा ताण. आईला सांगितलं तर ती म्हणाली, "अच्छा," आणि उद्याच्या डब्यासाठी कणीक मळायला बसली. छाया इथे नाही, तरी चपात्या नऊच. ठोंबऱ्यांना आमच्याकडची कैरीची चटणी आवडते, हे तिला कोणी सांगितलं कळत नाही.

२१ ऑगस्ट

साठ जणांची पहिली तुकडी. मी दाराशी उभी होते. ठोंबऱ्यांनी घमेलं हातात घेऊन सुरुवात केली. "रगत तुमाला दिसतंच. न दिसनाऱ्यासाठी घमेलं जास्त लागतं. हे मी नाय, खडू मॅडमनी सांगितलंय." सगळे मागे वळून माझ्याकडे बघायला लागले. मी हजेरीपट शोधायला गेले.

साहित्याची तपासणी केली. एक घमेलं कमी भरलं. क्रमांक तीन. पुराव्याचं घमेलं नव्हे, साहित्यातलंच, पण हिशेब लागायला हवा. सर्वांना विचारलं. कोणालाच माहीत नाही. ठोंबरे छताकडे बघत होते.

१४ सप्टेंबर

छाया सुट्टीवर आली, तिच्या तुकडीत पहिली. चौकला जाऊ म्हणाली, काकड्या घ्यायच्यात. ठोंबरे गाडी चालवायला तयारच होते.

आंब्याच्या झाडाखाली बायजा बसली होती, काठी शेजारी टेकवलेली. समोरून हर्षदचा टेंपो हॉर्न वाजवत गेला, आणि ढाब्यावरून सखा तिला चहा घेऊन येत होता. छायाने माझ्या आधी उतरून तिच्या गळ्यात हात टाकले.

"आलीस गं पोरी? मोटी साहेबीन झालीस?"

"अजून नाय गं मावशी."

बायजासमोर डोंगरी काकड्यांची रास होती. एका लोखंडी घमेल्यात. कडेला पांढऱ्या रंगात तीन.

छाया झाडाकडे बघायला लागली. ठोंबऱ्यांना छत नव्हतं, त्यांनी आभाळाकडे पाहिलं.

"घमेलं चांगलं आहे," मी म्हणाले.

"चांगलंच हाय. फुटत नाय," बायजा म्हणाली. "बस गं. उबी काय? एक काकडी खा, मीठ लावून देते."

मी बसले. काकडी खाल्ली. दुसरीही खाल्ली.

घरी येऊन साहित्याच्या नोंदीत क्रमांक तीनसमोरचं "हरवले" खोडलं. त्याजागी लिहिलं: वापरात.